लोहाची रेघ

सौंसरच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर बाप-लेक बोलत होते.

"हिमानी, तुहे संशोधनाचे सर पेपर छापू म्हणतात, तं तू काहून अडून बसली?"

"बाबा, दूरच्या ब्लॅक होलजवळून एक्स-रे येतात. त्याच्या आलेखात लोहामुळं उमटणारी रेघ फैललेली दिसून राहिली. सर म्हणतात, ब्लॅक होलच्या ओढीनं फैलली. पण मधात वायूचा ढग असला तरी तशीच दिसते."

"मंग पक्कं कसं करशील?"

"संत्र्याचं पान पिवळं पडलं तं तुमी काय करता?"

"एक डाव लोह कमी हाय म्हणून फवारत बसलो, अन् मुळाशी पाणी साचलेलं निघालं. पन्नास झाडं गेली. आता आधी पाणी तोडतो, पंधरा दिवस पाहतो."

"मी बी तेच म्हणून राहिली. ढग असन तं हटन, रेघ बी बदलन. सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण लावून पाहू."

"तवरिक दुसऱ्यानं छापलं तं?"

"छापू द्या."

गाडी लागली. बापानं तिची बॅग उचलली.

"मी फवारत होतो, तवा मले थांब म्हणणारं कोणी नव्हतं. तू सरले सांग, थांबा म्हणून."