लेकीचं रक्त परत हवं

बाळाचं रक्त संशोधनासाठी जपून ठेवायला द्यावं की नाही, हे विचारायला मी त्याला कडेवर घेऊन रांगेत उभी होते. पुढच्या बाई खिडकीतल्या मुलीशी बोलत होत्या.

"माझ्या लेकीचं रक्त ठेवलंय इथं. ते परत दे गं मला. ती गेली."

"मावशी, परत नाही देता येत. तुम्ही नको म्हणालात, तर नष्ट करतो."

"नष्ट? अगं, तेवढंच उरलंय तिचं!"

"मग राहू द्या ना. संशोधनाला लागतं. गेल्याच महिन्यात त्यातलं थोडं नेलं."

"म्हणजे कामाला येते ती?"

"येते की."

"घरी इकडची काडी तिकडे करत नव्हती कार्टी."

"मग, ठेवायचं ना मावशी?"

"ठेव. पण मी अधूनमधून येऊन विचारलं तर सांगशील ना, कामावर गेली होती का ते?"