भास म्हणून केलेली नोंद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या सिस्टर, त्यांचे कुटुंबीय आणि सहकारी मित्रहो,

भूलतज्ज्ञ बोलायला उभा राहिला की सभागृह पेंगणारच, म्हणून थोडक्यात सांगतो. सिस्टरांचे गुण आधीच्या वक्त्यांनी सांगितले. मला माझा अपराध सांगायचा आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी एक संशोधन करत होतो. वायूची भूल उतरताना रुग्णांना कोणते भास होतात? कुणाला भिंतीवर मुंग्या दिसत, कुणाला वारलेले वडील. सिस्टर विचारून लिहून घेत, मी तक्ते करी. एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई शुद्धीवर आल्या आणि म्हणाल्या, की कुणीतरी ‘टाकी संपलीय, आधी भरा’ म्हणालं. मला कापत होते ते कळत होतं, पण बोट हलत नव्हतं, असंही म्हणाल्या.

सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "सर, टाकी खरंच संपली होती का?"

संपली होती. भुलीच्या औषधाची टाकी. ते मला उशिरा कळलं, कारण मी आदल्या रुग्णाचा तक्ता भरत बसलो होतो. आणि ते वाक्य माझंच होतं. पण मी म्हणालो, "भास आहे. तसंच लिहा."

सिस्टरांनी रकाना कोरा ठेवला. तो मी भरला. निबंध छापून आला, पाठ थोपटून घेतली.

चार वर्षांनी सिस्टर त्या बाईंना घेऊन माझ्या खोलीत आल्या. बाई आडव्या होऊन झोपत नव्हत्या, खुर्चीतच बसून राहत. काही बोलल्या की यजमान म्हणत, डॉक्टरांनीच भास म्हणून लिहिलंय. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "सर, यांना सांगा."

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता तोंडावर काहीतरी फेकतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे माझ्या घरी येऊन सांगाल?"

गेलो. यजमानांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. बायकोजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "तू सांगत होतीस."

मग मी निबंध मागे घेतला, रुग्णालयाला लेखी कळवलं. या सभागृहाला मात्र आजवर सांगितलं नव्हतं.

सिस्टर, तुम्ही मला माफ केलंत का, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही. तुमचे आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, तर सर्वांनी सांभाळून घ्यावं. जे केलं, ते सांभाळून घेऊ नये.