छोट्या आरएनएनं जमवलेलं लग्न

माझं लग्न कुणी जमवलं, माहितेय? जंतूंनी. खोटं नाही सांगत.

मी तेव्हा जिवाणूंमधल्या छोट्या आरएनएवर पीएचडी करत होते. हिंगणघाटचे पाहुणे नालवाडीला आमच्या घरी मला बघायला आले. मुलगा मला आवडला होता. पण पोह्यांचा पहिलाच घास घेत त्याचे बाबा म्हणाले, "लग्नानंतर हे प्रयोगशाळेचं बंद करा लागन."

मुलाची आई मात्र माझ्याकडे वळली. "तू करून काय राह्यली तिथं? मले समजंन असं सांग."

म्हटलं, "जीनकडून निरोप निघतो आणि त्या निरोपावरून प्रथिन बनतं. छोटा आरएनए त्या निरोपाला जाऊन चिकटतो, मग ते प्रथिन बनतच नाही. लोह कमी पडलं की जिवाणू असाच लोहाचा खर्च थांबवतो."

"अन् हा आरएनए सोता काय बनवते?"

"प्रथिन तर एकही नाही."

"म्हंजे सोता काई बनवत नाई, अन् दुसरा बनवाले गेला का मधी जाऊन चिपकते?"

"हो."

त्यांनी शांतपणे नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, पोरगी तुमच्यावरच अभ्यास करून राह्यली. करू द्या पूर्ण."

माझ्या बाबांना ठसका लागला. मुलाच्या बाबांनी चष्मा काढून पुसला, आणि मग तेच हसत सुटले.

"कर पोरी, पीएचडी पूर्ण कर. फक्त तुह्या सासूले असं काई समजावून सांगत जाऊ नको."