नराच्या पोटातली अंडी

हॅलो?… हॅलो, आर्विला? होबार्ट बोलतोय… अगं होबार्ट! तुझा थोरला भाऊ. दुसरा कुठला होबार्ट उरलाय या खोऱ्यात?… हो, हो, लिनेटचं डोहाळजेवण, आहे लक्षात. येतोय… येतोय म्हटलं ना, दाढीसुद्धा केली. तू आधी मला सांग, काल नदीवरून आणून दिलेले ते बास मासे कुठे आहेत?… घोळवलेस? मक्याच्या पिठात?… आणि तेल तापलंय. थांब. आर्विला, थांब. गॅस बंद कर.

का म्हणजे? लिनेटला त्यातला तुकडासुद्धा द्यायचा नाही म्हणून… नाही गं, काट्याचं नाही. तिच्या पोटात बाळ आहे म्हणून!… ऐक ना. आज सकाळी मी धक्क्यावर होडी उतरवत होतो. तिथं ती नदीखात्याची चष्मेवाली बाई टेबल मांडून मासे कापत बसलेली… हो, तीच, तुझ्या नवऱ्यानं, ड्वेननं, दुकानातला फाटका रेनकोट जिच्या गळ्यात मारला. मला म्हणाली, काका, या, यात डोळा लावून बघा… अगं ती बारीक बघायची दुर्बीण. मी बघितलं. नर होता, आर्विला. अस्सल नर. आणि त्याच्या… आता बहिणीला कसं सांगू… त्याचं जे काही नरपण असतं ना, त्याच्या आत अंडी! बारीक, गोल गोल, माशाची अंडी!

हसतेस काय?… थापांची स्पर्धा शनिवारी आहे, मला ठाऊक आहे. मी तालीम करत नाहीये!… हो, बक्षिसाचं ते शेणाचं सोनेरी फावडं चार वर्षं माझ्याच ओसरीवर आहे. जिल्ह्यात माझ्याएवढा थापाड्या नाही, कबूल. वासरू गिळलेला कॅटफिश, ती थाप होती… माझ्या कुत्र्यानं पाद्रीबाबांच्या प्रवचनातल्या चुका काढल्या, ती पण थाप… नाही, ती अर्धी खरी होती. कुत्रा मधेच उठून गेला होता. पण हे खरं आहे!

आईच्या बायबलची शपथ… कुत्र्याच्या वेळीही घेतली होती?… असेल. मग तुझ्या हातच्या बिस्किटांची शपथ… अगं, रागावू नको, ऐक.

कशानं होतं, तेच सांगतोय. शेतात फवारायची औषधं, कोंबड्यांच्या शेडमधलं खत, वरच्या गावाचं गटार, लोकांनी गिळलेल्या गोळ्या… सगळं वाहून येतं नदीत. त्यात म्हणे काही रसायनं अशी असतात, की शरीरात शिरतात आणि ऐटीत सांगतात, मी हार्मोन आहे बरं का! थाप! धडधडीत थाप! आणि शरीर बिचारं भाबडं, ठेवतं विश्वास. नराला निरोप पोचतो, बाबा रे, अंडी कर. तो करतो… आर्विला, मी जन्मभर थापा मारतोय, पण माझी थाप ऐकून कुणाला अंडी झाली नाहीत गं!

पुन्हा हसली… माणसांचं? माणसांचं तिनं छातीठोक सांगितलं नाही. म्हणाली, अजून सगळं उलगडलेलं नाही. पण पोटातल्या बाळाचं सगळं असल्या निरोपांवरच चालतं, काय कधी घडायचं, कसं घडायचं. तिथं खोटा निरोप चिमूटभर गेला तरी नको. म्हणून गरोदर बाईनं या नदीतला मासा खाऊ नये… एवढंच… आपण सगळे हेच खाऊन वाढलो, बरोबर. आणि आपल्याकडे बघ की जरा!

काय?… कोण हवंय?… दे, दे तिला फोन. लिनेट? बाळ, मामा बोलतोय. कशी आहेस?… लाथा मारतंय? शाब्बास. हे बघ, तो मासा… हो, अंड्यांचंच… अगं, तूसुद्धा हसतेस?… पोट धर, पोट धर, इतकं हसू नये… नाही, याला पहिलं बक्षीस वगैरे मिळणार नाही… तुला भूक लागलीय?… एकच तुकडा?… नाही! आईला दे फोन. दे म्हटलं ना.

आर्विला?… गॅस परत लावलास? मला आवाज येतोय तेलाचा…

बरं. ऐक तर. खरं सांगतो… नाही, आता खरं. ते मासे मी पकडलेले नाहीत… नाहीच. पुलाखाली सापडले. पांढरी पोटं वर करून तरंगत होते… चांगले तीन दिवसांचे. व्हिनेगरनं धुतले, म्हणून वास गेला… हो, सगळे. मेलेलेच उचलले… तुझ्या मुलीच्या डोहाळजेवणाला, हो… आहेच मी नालायक…

विश्वास बसला? लगेच?… नाही, काही नाही. म्हटलं, बंद केलास ना गॅस?… ओत ते कचऱ्यात. माझ्यादेखत… म्हणजे कानांदेखत… आता कसला विचार करतेस?… कुठला फोटो?… ड्वेनच्या दुकानातला, माझा नि त्या मोठ्या माशाचा? त्यातला मासा?… छे! तो कसा मेलेला असेल! अगं, कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो मी, गळाची काठी अशी वाकलेली, हात सोलून निघाले, सूर्य बुडाला तरी तो हटेना… त्याच्यासारखा मासा या नदीनं पुन्हा दिला नाही मला. आयुष्यात एकच गोष्ट मी तिखटमीठ न लावता सांगितली, ती…

काय?… नाही, तसं नाही. तो जिवंत होता म्हणून हे पण जिवंतच होते असं नाही… नाही, आर्विला, टोपलीतून परत काढू नको! मी तुला फसवत नाहीये… अगं, लिनेटला काय सांगतेस, मामा गंमत करतोय म्हणून?…

आर्विला.

तोही.

हो, तोही मेलेलाच होता… ड्वेननं बघितलं होतं, पण लांबून. दोरी मीच हलवत होतो… हो. एवढी वर्षं… उतरव म्हणावं फोटो.

टाकलेस?… सगळे?… बरं झालं… मी येऊ नको?… बरं. नाही येत… लिनेटला मात्र उपाशी ठेवू नको, हॅम काप तिला. आणि केकचा एखादा तुकडा जर… हॅलो?… आर्विला?