वेचलेले खडे

डॉ. मथुरा : पोट दाण्यांनी भरलेलं आहे, मुकुंदअण्णा, आणि पक्षी उपासमारीने मेला आहे.

मुकुंदराव : स्वल्प सोपं करून सांगा, डॉक्टर. जे. पी. नगरपासून कोरमंगलापर्यंत या पाखराची पेटी मांडीवर धरून आलोय. डोकं चालत नाही आता.

डॉ. मथुरा : अंगावर चरबी नाही, छातीचं हाड वर आलंय. पपई, अंजीर पचलेत. मका आणि हरभरा मात्र जसाच्या तसा.

मुकुंदराव : विषच असणार. शेजारच्या रविकुमारला याचं पहाटेचं घुमणं खपत नव्हतं.

डॉ. मथुरा : विषाची तपासणी केली. नाही सापडलं. त्यांना काही बोलला असाल, तर मिटवून टाका.

मुकुंदराव : बोललो खरा. तोंडाला येईल ते बोललो. मग झालं काय याला? मुलाने जोडी आणून दिली, दोन वर्षं अंगणात मजेत फिरली.

डॉ. मथुरा : अंगण मातीचं आहे?

मुकुंदराव : होतं. उंदीर फार, म्हणून गेल्या दिवाळीत फरशी घातली. आता आरसा आहे आरसा.

डॉ. मथुरा : आणि दाणे कोण घालतं?

मुकुंदराव : आमची मंडळी, तानूबाई. गुडघे गेल्यापासून स्वयंपाक सुनेकडे गेला. हे काम मात्र तिने कुणाला दिलं नाही. दुपारी सूप घेऊन बसते, एकेक खडा वेचते. पाखराच्या दाताखाली येईल म्हणे. मी म्हणतो, अगं, त्याला दात कुठे आहेत?

डॉ. मथुरा : नाहीत. अडचण तीच आहे.

मुकुंदराव : म्हणजे?

डॉ. मथुरा : हा क्युरॅसो. अमेरिकेतल्या उष्ण जंगलात जमिनीवर पडलेली फळं बियांसकट गिळतो. गर सहज पचतो. कठीण बी दळावं लागतं, म्हणून खडेही गिळतो. पोटात जाड स्नायूंची एक पिशवी असते, पेषणी. खडे हेच तिचं जातं. याच्या पेषणीत मला एकही खडा मिळाला नाही. मातीच्या दिवसांतले होते, ते झिजून गेले.

मुकुंदराव : मादी आहे अजून. तीही कालपासून अंग फुगवून कोपऱ्यात बसलीय.

डॉ. मथुरा : आज फक्त मऊ फळं द्या, आणि शेजारी परातीत बारीक खडी ठेवा. वाचेलच असं मी म्हणणार नाही. वाचू शकते.

मुकुंदराव : सरी, ठीक आहे. खडी मिळेल हो. घरी काय सांगू? विष म्हटलं, तर नाही का चालणार?

डॉ. मथुरा : मग त्या उद्याही खडे वेचतील.

मुकुंदराव : तुम्हीच सांगता फोनवर? माझ्याने होणार नाही.

डॉ. मथुरा : लावा.

मुकुंदराव : वाजतोय. हळू सांगा तिला, डॉक्टर अक्का.

डॉ. मथुरा : नमस्कार, तानूबाई. मी पाखरांची डॉक्टर, मथुरा. नर कशाने गेला, ते सापडलं. दाणे दळायला त्याच्या पोटात खडे लागायचे. फरशीवर ते मिळेनात, आणि दाण्यांतले वेचले जात होते. आज दुपारी वेचलेत ना, ते टाकू नका.