शामूमामाची दुनळी

अय्यो, आमच्या शामूमामाला मापाचं काही सांगायला जाऊ नका! जयलक्ष्मीपुरममधला टेलर तो. आजोबांची दुनळी बंदूक त्याच्या नावावर झाली, तशी शेतातली रानडुकरं हाकलायला त्यानं नवी काडतुसं आणली. बंदूक तेवढी तपासून घेऊ म्हणून आम्ही बंदुका दुरुस्त करणाऱ्या रामण्णा मिस्त्रींकडे गेलो.

रामण्णांनी बंदूक उघडली, नळ्या उजेडाकडे धरल्या, आत मापाचा गेज घालून बघितला. "नको स्वामी. काडतुसाची जागा आखूड आहे, तुमची काडतुसं लांब."

मामानं लगेच एक काडतूस आत सरकवलं. "हे बघा, गेलं की! बंदूक मिटली पण."

"आता तोंड मिटलेलं आहे, जाईलच. उडताना ते उघडतं, त्याला पुढं जागा नको? नळी फाटेल."

"मला माप शिकवता? उभा जन्म मापं घेण्यात गेला माझा!"

"मुलीच्या रिसेप्शनसाठी माझी पँट तुम्हीच शिवली होती," रामण्णा शांतपणे म्हणाले. "उभा होतो तोवर झकास होती. मग जेवायला बसलो."

मामानं काडतूस काढून पिशवीत टाकलं. गळ्यातली टेप हातात घेतली.

"उठू नका," तो म्हणाला. "बसल्या बसल्याच माप घेतो."