परत केलेलं तिकीट

—नाही अण्णा, कागद बाजूला सारू नका. आधी चष्मा लावा. कुठला म्हणजे? जवळचा. लांबचा लावाल आणि म्हणाल अक्षर दिसत नाही — साठ वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेल्या माणसाने ही सबब सांगायची म्हणजे न्हाव्याने दाढी वाढवून हिंडायचं. हं. आता बघा. ही त्या बोटीच्या उतारूंची यादी. बंदराच्या दप्तरखान्यात होती, तळघरात. चार दिवस बसलो. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटायची नाहीत — जसा काही मी उधारीची वही चाळायला गेलो होतो. का गेलो? तुमच्यासाठीच गेलो की. परवा वाचनालयाच्या बाकावर मी थोरल्या काकांची गोष्ट सांगत होतो. आपली नेहमीचीच — काका बायकापोरं घेऊन परदेशी निघाले, तुम्हीही सोबत, बोट सुटायला तास उरला आणि काकांनी तुम्हाला पोरींच्या उलटीवरचं औषध आणायला पिटाळलं. तुम्ही बाटली घेऊन धावत येताय तर शिडी वर ओढलेली, आणि सख्खा भाऊ कठड्याशी उभा राहून हात हलवतोय. आता हाताचा रुमाल मी केला, कबूल, रुमाल लांबून बरा दिसतो. बाटली फुटली तेही माझंच. पण सांगाडा तुमचा होता ना? तर ते निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, इतकी खरी गोष्ट असेल तर बोटीची तारीख सांग. म्हटलं, तारीख कसली, दाखलाच आणतो.

आणला. वाचा. पहिल्या ओळीत काका, दुसरीत काकू, मग पोरी — वय सात, वय चार. चौघांपुढे बोटीत चढल्याची खूण. पाचवी ओळ तुमची. वय एकोणीस, धंदा भिंगं घासणे. आणि त्यावर लाल शाईने काट. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, मिळालं, ही काट काकांनीच मारायला लावली. बाईंना म्हटलं, बघा, भाऊबंदकी म्हणतात ती ही. त्या म्हणाल्या, पुढचा शेरा वाचा ना. शेरा असा — तिकीट आदल्या दिवशी उतारूने स्वतः परत केले. खाली सही. आता ही सही कुणाची, ते मला परक्या बाईने सांगायचं? शेवटच्या अक्षराची शेपटी वळवून खाली दोन ठिपके — माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं बघितलीय. हुबेहूब मारायचोसुद्धा, ते जाऊ द्या.

आदल्या दिवशी, अण्णा. म्हणजे औषध नाही, बाटली नाही, धावणं नाही. बोट सुटली तेव्हा तुम्ही धक्क्यावर तरी होतात का? की घरात पांघरूण घेऊन पडला होतात? मी चाळीस वर्षं ज्याला कठड्याशी उभा करून लोकांच्या शिव्या खायला लावल्या, तो माणूस तिथे उभा राहून तुमची वाट बघत होता. पोरी तुमच्याबद्दल विचारत असतील, काका कुठाय. — पाण्याची भीती वाटली होती का? मग तसं सांगायचं. आईत जीव गुंतला होता? ते तर सोन्याहून पिवळं, त्याची मी अशी गोष्ट केली असती की पोस्टमास्तर डोळे पुसत घरी गेले असते. तुम्हाला नुसतं "मी गेलो नाही" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. त्याऐवजी भावाला चोर केलंत आणि मला दिलात तो, खेळायला. थापा मारण्यात मी तुमच्या चार पावलं पुढे आहे, अख्खी गल्ली जाणते. पण माझ्या थापेने कुणाचं नुकसान होत नाही हो. निदान मी तसं समजत होतो.

थांबा, उठू नका, अजून दोन कागद आहेत, त्याच बाईंनी तिकडच्या बंदरांच्या दप्तरांतून संगणकावर शोधून दिलेले. तीन वर्षांनी दुसरी बोट, आणखी लांबच्या देशाला. त्यात एक रकाना असतो, मागे राहिलेला जवळचा नातेवाईक. काकांनी लिहिलंय, भाऊ. पुढे आपला पत्ता, जिन्याखालचं दुकान, सगळं. सहा वर्षांनी तिसरी बोट. त्याच रकान्यात पुन्हा भाऊ, पुन्हा जिन्याखालचं दुकान. आणि कुटुंबात एक नवा भिडू, वय दोन महिने. त्या पोराचं नाव वाचा. — वाचलंत? तुमचं ठेवलंय. तुम्ही त्यांना तोंड न दाखवता तिकीट परत केलंत, आणि ते घरात रोज तुम्हाला हाका मारत होते. असा माणूस. शेवटपर्यंत तसाच, मऊ, बोलताना कानाची पाळी चोळायचे, अगदी तुमच्यासारखी —

काय? — नाही, यादीत कानाचं कशाला लिहितील. — फोटोही नसतो. — असंच बोललो. तुम्हाला माझं माहीत नाही का, हात दिसला की रुमाल देतो.

असं बघू नका. बरं. आले होते. आठ वर्षं झाली. दुपारी दुकानात मी एकटा, एक म्हातारा आत आला, म्हणाला चष्म्याची काडी ढिली झालीय. मी स्क्रू आवळून दिला. त्यांनी चष्मा घातला, आरशात बघत कानाची पाळी चोळली, आणि मला कळलं. मग त्यांनी तुमचं नाव घेतलं आणि विचारलं, "आहे का तो?" एवढंच. माझ्या डोळ्यांपुढे तुमची शिडी, तुमची बाटली. मी म्हटलं, "वारले. चार वर्षं झाली."

तिथे थांबलो असतो तर मी कसला. ते म्हणाले, फार त्रास झाला का, आणि मी सुटलोच — दवाखाना उभा केला, खाट खिडकीशी दिली, डॉक्टरलाही रडवला. आणि शेवटचे शब्द म्हणून सांगितलं, "भावाला कळवू नका." त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं. नेमके तेव्हा तुम्ही वरून खोकलात. दुपारची झोप झाली होती तुमची, बारा पायऱ्या वर. ते छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, भाडेकरू आहे.

पाणी विचारलं हो मी. नको म्हणाले. — पत्ता? कसा मागणार, मेलेल्या माणसाला पत्ता कशाला लागतो? — आता असतील की नसतील, मला काय माहीत. शहाऐंशीचे होते तेव्हा. — मी तुमच्या बाजूने केलं, अण्णा. तुमच्या शब्दाला जागलो. तुम्ही खरं बोलला असतात तर हाताला धरून वर आणलं असतं त्यांना, तुमच्या समोर बसवलं असतं, या खुर्चीत. — सांगणार होतो. रोज सांगणार होतो. पण तुम्ही ती गोष्ट इतकी मनापासून ऐकायचात.

बोला ना काहीतरी. खोटंही चालेल. — कागदाची घडी कशाला घालताय, तो परत द्यायचाय. — बरं, असू दे तुमच्याकडे. — हात कुठे दाखवताय? दाराकडे? — मी? — अहो, तुमच्या गोळ्या राहिल्यात संध्याकाळच्या. — बरं. — जातो म्हटलं ना. — दार लावून घेऊ?

बरं. लावतो.